पावणेसहा

इंडस्ट्रियल एरिया सहा, शारजा. दुपारचे साडेतीन.
लेथ बंद केला तरी कानात फिरत राहतो.
उबैद बिन सुहैल आत आला, कंदुऱ्याला मासळीचा वास,
गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी
माझ्या बाकावर ठेवलं, झोपलेलं मूल ठेवावं तसं.
"उस्ताद, हे कशाचं?"

पिस्टन.
एवढं तर चहा आणणारा गुलमीरही सांगेल.
पण कशाचा?

लाँचचा नाही. लाँचचे बिडाचे, डोक्यात खळगा.
ट्रकचा नाही, त्याचा झगा लांब असतो.
हा आखूड, रुंद,
बुटक्या माणसाने छाती काढून उभं राहावं तसा.
अ‍ॅल्युमिनियम. ठोकून घडवलेलं, ओतलेलं नव्हे.
शिरोलीच्या फाउंड्रीत अकरा वर्षं ओतकाम केलंय मी,
ओतीव माल अंधारातही बोटांना कळतो.

रिंगांच्या खाचा पाच. एकीत काळा थर,
नखाने उकरला, तेलाचा वास येईल म्हणून.
सुरमईचा आला.

व्हर्नियर लावलं: एकशे पंचेचाळीस पूर्णांक चार.
असा आकडा कुठलाच कारखाना मुद्दाम काढत नाही.

मग लक्षात आलं,
गार पिस्टन आपल्या घरापेक्षा लहानच असतो.
तापून फुगायला चहूबाजूंनी जागा सोडतात,
केसभर. नाहीतर अडकतो,
आणि वर आभाळात अडकला तर ढकलायला कोण उतरणार?
ती जागा धरली, पंचवीस पूर्णांक चारने भागलं.
कॅल्क्युलेटर म्हणाला पाच पूर्णांक पंचाहत्तर,
माझ्या तोंडून निघालं, पावणेसहा.

तिसरीत तारळेकर गुरुजी पावकी, निमकी, पाऊणकी म्हणून घ्यायचे,
भिंतीला टेकायचं नाही, अडखळलं की पुन्हा पहिल्यापासून.
सगळा जन्म मिलिमीटरमध्ये गेला
आणि साहेबाच्या इंचाला ओळखायला
गुरुजी उठून आले.

पावणेसहा इंची सिलिंडर, गोलात नऊ मांडलेले,
मध्ये एकच क्रँक.
"विमानाचा आहे," मी म्हणालो.

उबैद हसला नाही, चकितही झाला नाही.
"बाप जुन्या विमानतळावर पाणी भरायचा.
आता सिग्नल आहे ना, तिथे
पंखे फिरायचे."

पण पावणेसहाची घराणी निदान दोन,
एक ब्रिस्टलचं, एक प्रॅट अँड व्हिटनीचं,
एक इंग्रज, एक अमेरिकन.
निवाडा करणारा नंबर असलाच तर आत, टाळूपाशी.
पिस्टन उलटा केला.
आत शिसं. गजनपिनच्या भोकापर्यंत, काठोकाठ.

"बापाने ओतलं. मासळीबाजारात वजन म्हणून.
अर्धा मण."
(त्यांचा मण चार किलोचा. आमचा चाळीस शेरांचा
मी काढलाच नाही.)

शिसं सोपं. तीनशे सत्तावीसला पाणी होतं,
अ‍ॅल्युमिनियमला तोवर घामही फुटत नाही.
दहा मिनिटं. नंबर दिसला असता,
देश कळला असता, कदाचित सालसुद्धा.
मी टॉर्च पेटवली.

उबैदने पिस्टन स्वतःकडे ओढला.
"नंबर कोणाचा?"
"इंजिनाचा."
"आणि शिसं?"
मी टॉर्च विझवली.

गुलमीरने पार्सलचा काटा आणला, त्याला विचारलं नव्हतं.
दोन किलो, आठ ग्रॅम.
"आठ जास्त," तो म्हणाला, चूक सापडल्यासारखा.
"माहीत आहे," उबैद म्हणाला. "गिऱ्हाइकाकडचं पारडं."
आणि गोणपाट पुन्हा गुंडाळायला लागला,
एकेक कोपरा दुमडत.

मी वहीत लिहिलं: विमान. पावणेसहा. बनावट,
आणि बनावटपुढे काही लिहिलं नाही.

पैसे घ्यायचा प्रश्नच नव्हता.
दुसऱ्या दिवशी बाकावर वर्तमानपत्रात एक शेरी होती,
चांगली दणदणीत.
गुलमीर काटा आणायला निघाला होता.
त्याला म्हटलं, बस खाली.