कठडा

आमच्या कंपनीत जिना उतरताना कठडा धरायचा.
नियमच आहे. कुणी मोडला
तर दुसऱ्याने कार्ड भरायचं, नाव न घालता.
कॉफीला झाकण हवं. गाडी उलटी लावायची.

आणि समुद्राच्या तळाखाली तीन किलोमीटरवर
जे काय दबून बसलंय
त्याचे आकडे मी पहाटे वाचते,
ॲबर्डीनच्या करड्या दगडी थंडीत, चौथ्या मजल्यावर,
मोजे दोन घालून.

रुअरी गेडिस शेजारच्या टेबलावर. सव्वीस वर्षं.
आकडा हलायच्या आधी सांगायचा,
'सतरा नंबर आज खोकणार बघ.'
आणि विहीर खोकायची.
मी त्याला चिवडा द्यायचे, तो शेंगदाणे तेवढे वेचायचा.

बुधवारी ह्यूस्टनहून साहेब पडद्यावर आले.
आधी सुरक्षेचा एक मिनिट: शिडीवर चढताना काय काळजी घ्यावी.
मग म्हणाले, आपला प्रवास.
प्रवास हा शब्द सात वेळा आला.
कोण उतरणार ते शुक्रवारी ईमेलने.

रुअरी जिना उतरला तेव्हा
दोन्ही हातांत खोकं होतं,
वर मगमधलं निवडुंगाचं रोप.
कठडा धरायला हात कुठला?
मी वरून पाहत होते. आम्ही सगळेच पाहत होतो.
कार्ड कुणी भरलं नाही.

सोमवारी सतरा नंबर खोकली.
मी मान वळवून म्हटलं, 'अरे—'

मग हाताने नोंद केली.
वेळ चार बावन्न.
बाकी सगळं हिरवं.