तीन नावं

शुक्रवार पेठेतल्या आमच्या शाळेत
आरोग्य खोली म्हणजे जिन्याखालची जागा.
एक खाट, वजनकाटा, ग्लुकोजचा डबा
आणि एक कपाट, ज्याची किल्ली
मी जेवणाच्या डब्याबरोबर घरी नेते.

सातवीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत आला.
पोट दुखतंय म्हणाला. पोट दुखत नव्हतं.
पन्हाळ्याला दोन रात्रींचं शिबिर होतं
आणि रबरी चादर काही बॅगेत लपणार नव्हती.
"कुनी रात्री उठवलं तर हुईत न्हाई, सिस्टर.
पर सरांस्नी सांगू नका.
सर चांगलं हायत, पर हसत हसत सांगत्यात."

गाव हे असं. गंगावेशीत
धारोष्ण दुधाचा पेला ओठांवरून उतरायच्या आत
बातमी बिंदू चौकात पोचलेली असते.

मी सरांना चिठ्ठी दिली:
रात्री दोन वाजता यांना उठवून बाहेर न्यावे.
जुनेद मुजावर. हर्षल इंगवले. प्रज्योत कांबळे.
नावं इथंही बदललीत, शोधत बसू नका.

"कशासाठी ओ?"
"मी सांगते म्हणून."
"पोरांची जबाबदारी माझ्यावर हाय की."
"म्हणून तर वेळ सांगितली. कारण नाही."
सर रुसले. आठवडाभर चहाला हाक नाही.

उरलेली दोन नावं
मी डोळे मिटून हजेरीपटावर बोट ठेवून काढली होती.
गडावरच्या थंडीत बिचाऱ्यांची फुकट झोपमोड.
म्हटलं, मोठेपणी माफ करतील.

सोमवारी तो आला नाही.
जिन्यावर, माझ्या डोक्यावरून,
दोन-दोन पायऱ्या गाळत गेलेला ऐकला, तेवढं पुरे.

आला तो दुसराच.
बोटाखाली सापडलेला.
खाटेच्या कडेला बसून
पायानं वजनकाटा दाबत राहिला, सोडत राहिला.
काटा चार किलोपर्यंत जायचा, परत यायचा.
घंटा व्हायच्या बेतात म्हणाला,
"सिस्टर, माझं तुमास्नी कुनी सांगितलं?"

"कुणी नाही," मी म्हटलं.
इतकं खरं मी त्या खोलीत
क्वचितच बोलले असेन.

आता तिसरा समोरून आला
की माझी नजर त्याच्यावर रेंगाळू बघते.
मी पटकन फळ्यावरचा सुविचार वाचायला लागते.