धर्माचा रकाना

रेक्समच्या हॉस्पिटलात, गुडघ्याच्या ऑपरेशनआधी,
कॅरिस नावाची पोरगी फॉर्म भरत होती.
नाव विचारलं. सुलभा ओहोळ.
वय, अ‍ॅलर्जी, रात्री घोरता का.
मग धर्मापाशी आली आणि मला न विचारताच
माझ्या रंगाकडे बघून हिंदू टाकलं.

म्हटलं, नाही गं, ख्रिस्ती.
ओशाळली. खोडलं. म्हणाली,
माझ्या आजीलाही होतं ते.
संधिवाताबद्दल बोलावं तसं.

जालन्याला असं कोणी चुकत नसे.
आडनाव ऐकलं की माणसं
चार पिढ्या मागे जाऊन
माझ्या पणजोबाला पुन्हा विहिरीपासून लांब उभं करत
आणि मग हसत विचारत,
किती पायली ज्वारीला बाटलात?

इथल्या देवळात
(आम्ही चर्चला देऊळच म्हणतो)
सतरा जण, दोन हीटर, त्यातला एक चालू.
उपासनेनंतर चहाला मिसेस प्रॉसर
अठरा वर्षं तोच प्रश्न विचारतात,
तुम्ही ख्रिस्ती कधी झालात?
मी पणजोबा सांगते, दुष्काळ सांगते,
नदीच्या डोहातला बाप्तिस्मा सांगते.
त्यांचा चहा निवतो.

परवाच्या रविवारी खरं सांगितलं.
मागच्या गुरुवारी, म्हटलं.
सहा-साडेसहाला. पाचेक मिनिटं.

शेजारचा डेरेक, ज्यानं आमच्या फोडणीच्या वासाची
कौन्सिलकडे दोनदा तक्रार केली,
खुब्याचं हाड मोडून पडलाय.
त्याचा कचऱ्याचा डबा मी रस्त्यापर्यंत ओढत नेला.
प्रेमानं नव्हे.
शिव्या देत, मराठीत, ठेवणीतल्या,
आणि माझाच गुडघा कुरकुरत होता.
वळताना तो खिडकीत दिसला.
हात वर केला की पडदा सारला, कळलं नाही.
पण त्या चढावर, धाप लागलेली असताना,
मला कुणाचीच चीड येईना.
डेरेकची नाही, ज्वारी मोजणाऱ्यांची नाही,
माझी स्वतःचीसुद्धा नाही.
दार लावलं, चहा टाकला,
तोवर सगळी परत आली.

मिसेस प्रॉसर काही बोलल्या नाहीत.
कपात चमचा फिरवत राहिल्या बराच वेळ.
त्या साखर घेत नाहीत.

वॉर्डात दिवे मंद झाले तशी
प्रार्थना इंग्रजीत सुरू केली,
शेजारच्या खाटेवरची जागी होती म्हणून.
पण त्या भाषेत तू आणि तुम्ही एकच.
कळेना, देवाशी बोलतेय की कॅरिसशी.
शेवटी कूस बदलली
आणि आई चुलीपुढे म्हणायची तसं म्हटलं,
अरे, ऐकतोस ना.

त्यांनी लिहून घेतलंय बघ, खोडून का होईना.
मला खात्री नाही.
उद्या तेवढा गुडघा होऊ दे.
उरलेली मी, सवडीनं.