दोन पट्ट्या

मगदूम सर मशीन रिक्षातून घेऊन आले,
मांडीवर, गोधडीत गुंडाळून,
तापातलं पोर आणावं तसं.
"बघा रेश्मा, ड्रॉइंग सेव्ह करायला गेलं की निळं पडतंय."

माझ्याआधी दोघांनी बघितलेलं.
शाहूपुरीतल्यानं विंडोज तीनदा टाकली, तीनदा पैसे घेतले.
दुसऱ्यानं पॉवर सप्लाय बदलला
आणि जाता जाता घरच्या वायरिंगला नावं ठेवली.
वहिनींनी पंख्याच्या जाळीला लिंबू-मिरची बांधलेली.
ती मी आधी सोडली. हवा अडत होती.

मी पहिल्यांदा विचारतो.
(आमच्याकडं बायकाबी येतो-जातो म्हणतात,
पुण्याची गिऱ्हाइकं फोनवर गडबडतात.)
रोज पडतं का कधीतरी?
तापल्यावर, का गार असताना?
त्याच्या आधी नवीन काय घातलं?
"काय नाही," म्हणाले.
हे सगळेच म्हणतात.
मग दहा मिनिटांनी, कपातल्या चहाशी बोलल्यागत,
"दिवाळीत भाच्यानं एक रॅम टाकलेली.
स्पीड वाढवून देतो म्हणाला."

झाकण काढलं.
आत उद्यमनगरची काळी धूळ, बिडाची,
बोटाला लागली की साबणाला दाद देत नाही.
आणि दोन पट्ट्या शेजारी शेजारी :
एक लाल जाकिटातली, बत्तीसशेची,
एक उघडी, हिरवी, जुनी, सव्वीसशे सहासष्टची.
सेटिंगमध्ये दोघींना एकच हुकूम, बत्तीसशे.

हिरवी नाही म्हणत नव्हती.
तेच तर अवघड.
लाखदा बरोबर सांगायची,
आणि एकदा, सर भोकाचा व्यास टाकताना,
शून्याच्या जागी एक.

रात्री मेमरीची टेस्ट लावली.
सातव्या फेरीत लाल ओळी, चौदा.
अब्बा मागं स्टुलावर होते,
त्यांना वाचता येत नाही, लाल कळतं.
आमच्या सात पिढ्या धार लावणाऱ्या.
तलवारी गेल्या, विळे गेले,
मग लेथची टूलं आली, आता मी.
अब्बा म्हणाले, "दगड जोरात फिरवला की
धार लगेच येते बघ, चकाकतेबी.
पण पाणी उतरतं पात्याचं.
गिऱ्हाईक चार दिवसांनी येतं परत,
आणि शिव्या लोखंडाला देतं."

मी एक आकडा बदलला.
व्होल्टेज होतं तिथं आणलं,
भाच्यानं तेही वर ढकललेलं.
परत टेस्ट.
भडंगाची पुडी संपली,
रस्त्यावरची कुत्री भांडून झोपली,
अब्बा स्टुलावरच घोरायला लागले.
पडद्यावर आकडे सरकत होते
आणि मी उगीच श्वास धरून,
जणू माझ्या श्वासानं एखादा बिट पडेल.

दुधाची गाडी वळली तेव्हा
चौथी फेरी संपली. एरर : शून्य.
अब्बांना उठवून दाखवलं.
"लाल नाही," ते म्हणाले, आणि परत झोपले.

सर नऊ वाजता आले.
"म्हणजे स्पीड कमीच केला की!"
"हो."
"मग लाल पट्टीचं नुकसान."
"थोडं. तिला हिरवीबरोबर चालावं लागतं.
नाहीतर हिरवी काढा, नवी जोडी घ्या, साडेचार हजार."
सर हिरवीकडं बघत राहिले.
त्यांची पहिली पॅटर्नं तिच्यावर झालेली,
असं काही म्हणाले नाहीत, मला वाटलं आपलं.
"राहू दे," म्हणाले.

झाकणाच्या आतून मार्करनं लिहिलं :
२६६६. वाढवू नये. रे. शिकलगार.
भाच्यासाठी. दिवाळी येतेच आहे परत.

गोधडी बांधता बांधता
सरांनी हळूच लिंबू-मिरची मागितली.
दिली.
म्हटलं, जाळीला नको, टेबलाच्या पायाला बांधा.