सोळावा ‘श्री.’

रविवार कारंजाच्या शाखेत, जिन्याच्या वळणावर
शाखाधिकाऱ्यांच्या नावांची पाटी.
चौऱ्याहत्तर साली कुणा पेंटरने एका दमात
वरपासून खालपर्यंत वीसदा ‘श्री.’ रंगवून ठेवलं,
नावं मग येतील तशी पुढे भरत गेली.

आज पंधराव्या ओळीत इंदुमती भामरे.

भद्रकालीचे रऊफभाई शिडीवरून विचारतात,
‘मॅडम, खरवडू, की पुढे ‘मती’ जोडू? जागा कमीय.’
‘जोडा,’ इंदू म्हणाली,
‘श्री बँकेत होतीच. मतीचंच राहिलं होतं.’
सगळे हसले.
माझा नोटा मोजताना आकडा चुकला.

आम्ही एका बॅचच्या.
सातपूरला शेजारी काउंटर, एकच ओला स्पंज दोघींत,
डब्यात तिची शेवभाजी.
पदोन्नतीची पाकिटंही एकाच टपालाने आली: नवापूर.
ती गेली. चार वर्षांची पोर, वातीचा स्टो,
पहिल्याच पावसाळ्यात मलेरिया.
नवऱ्याने टाकली म्हणे, असं इथं चहाबरोबर चघळलं गेलं.
मी लिहून दिलं,
‘घरगुती अडचणींमुळे पदोन्नती स्वीकारण्यास असमर्थ.’
घरगुती अडचण तेव्हा सोफ्यावर पेपर वाचत होती.
दुसऱ्यांदाही तेच लिहिलं.
तिसऱ्यांदा नुसती तारीख बदलली.

दुपारी पिंपळगावचे एक द्राक्षवाले आले,
केबिनमध्ये बसले, फाइल मांडीवर,
‘साहेब कधीपर्यंत येतील?’
‘आल्यात,’ इंदू म्हणाली.
ते बराच वेळ दाराकडे बघत राहिले.

संध्याकाळी तिजोरी.
एक किल्ली शाखाधिकाऱ्याची, एक रोखपालाची;
एकटीने कितीही फिरवा, दार ढिम्म.
‘यंदा अर्ज भरतेयस?’ तिने विचारलं.
‘त्रेपन्न झाली, इंदू.’
‘मला पण.’
तिने किल्ली घातली, आणि माझ्यासाठी थांबली.

जिन्यात रंगाचा वास होता.
तिच्या नावाखाली पाच मोकळे ‘श्री.’
‘यांचं काय करू?’ रऊफभाईंनी सकाळीच विचारलं होतं.
‘राहू द्या. येईल ती बघेल.’

खाली उतरताना मी
नोटा मोजायच्या अंगठ्याने सोळावा चाचपला.
जुना रंग. कडेने पोपडा सुटलेला.