सात सेंटीमीटर

परळला, पोटावर गार जेल पसरत
ती मुलगी म्हणाली, "हलू नका, नाखवा."
हिला कसं कळलं? फायलीवर तर नुसतं
धाकू भानजी, मढ, स्वादुपिंड.

बोटीवर माझ्याही असाच मुका आवाज होता.
खाली सोडायचा; तळ, घोळींचा थवा,
काय असेल ते घेऊन वर यायचा.
हा मात्र तिथंच थांबतो. गाठ शेकतो,
म्हणजे सकाळचं सलाईन आत मुरेल, म्हणे.
एकट्याचं काम नाही ते.
जाळं तरी एकट्यानं कोण ओढतं?

"किती खोल?"
"सात सेंटीमीटर."

चाळीस वाव पाण्यावर झोपलोय मी,
इंजिन बंद पडलेलं, चारी बाजूंना काळोख.

बाहेर लखमीनं विचारलं, दुखलं का?
म्हटलं, छे. गुदगुल्या.
आणि तिच्या डब्यातलं कालवण
थंडच, पुसून खाल्लं.