पेडवे

पालयेच्या शाळेत घंटा मी देतो.
आंब्याच्या फांदीला टांगलेला रुळाचा तुकडा,
हातोडी माझ्या खिशात.
तक्त्यावर लिहिलंय, मधली सुट्टी वीस मिनिटं.

त्यातली सहा नळावर जातात,
कारण नळ दोन, आणि एक नुसताच खोकतो.
थोडी जातात डब्यांशी झुंजण्यात.
मंथनचं झाकण तर रोज मीच उघडून देतो,
त्याच्या आईच्या मनगटात काय जोर आहे कोण जाणे.

दीपश्री केरकर, इयत्ता दुसरी.
बाप रापणीवर, म्हणून डब्यात
उकड्या तांदळाचा भात आणि पेडव्यांचं तिखलं.

पेडवा हे घाईचं काम नव्हे.
शेपटीकडून धरून मधला काटा अख्खा सोडवायचा,
मग ते केसासारखे,
जिभेनेच ओळखायचे,
ओठांच्या कडेने एकेक बाहेर.
तिला ते येतं. सात वर्षांची आहे, पण येतं.
फक्त वेळ लागतो.

गेल्या पावसाळ्याआधी एकदा
तिठ्यावर कुत्र्याला डबा रिकामा करताना दिसली.
म्हटलं, अगं, हे काय?
म्हणाली, असाच घरी नेला
तर आई विचारते, आज चव नव्हती काय गं?

तेव्हापासून माझं घड्याळ मागे पडतं.

कोरगावकर सर म्हणाले, पुंडलीक, सेल बदला.
बदलला.
घड्याळ मागेच.
आणखी एकदा म्हणाले.
मग काल स्वतःच व्हरांड्यात आले,
मनगट पुढे करून.
मी काय बोलणार? नुसतं बोट दाखवलं.

सर मासे खात नाहीत,
मला वाटलं, यांना काय कळायचंय.
पण उभे राहिले.
तिने एक काटा काढला, उजेडात धरून पाहिला,
झाकणावर बाकीच्यांच्या शेजारी नीट ठेवला.
अजून दोन पेडवे होते.

"पुढचा तास माझाच आहे," सर म्हणाले,
कुणाला ते कळलं नाही,
आणि बाही खाली ओढून आत गेले.

तक्त्यावर अजून वीसच आहे.
नळ अजून खोकतो.
मी फांदीखाली उभा,
खिशातल्या हातोडीवर हात,
आणि जिभेने शोधत राहतो
माझ्याच दाढेत अडकलेलं
कधीचं काहीतरी.